बोडक्या नारळाची ओटी

माझी आई डार्विनला उतरली आणि पहिल्याच तासात विमानतळावर तिचा नारळ जप्त झाला. चांगला शेंडी राखून सोललेला, घरून नॅपकिनमध्ये गुंडाळून आणलेला. "नवसाचा आहे हो," असं तिने त्या अधिकाऱ्याला मराठीत तीनदा सांगितलं. तो "नो वरीज" म्हणाला आणि नारळ पिंपात गेला.

नवस माझ्याच पायी बोललेला होता. तेव्हा आम्ही विद्यार्थी थव्याथव्याने ऑस्ट्रेलियात उतरत होतो आणि त्या थव्यातला मी, युनिव्हर्सिटीत एकाच विषयात दोनदा आपटलेला. तिसऱ्यांदा पास झाला तर तिथल्या मोठ्या नदीची ओटी भरीन, असं आई बोलून बसली होती. मी पास झालो, पदवीदानही झालं. उद्या तिचं परतीचं विमान, आणि ओटी अजून बाकी!

म्हणून पहाटेच मी तिला गाडीत घातलं आणि तीन तासांवरच्या, नदीकाठच्या कॅथरीन गावी नेलं. तिथल्या जुन्या रेल्वेपुलावर माझा फार जीव. दुसऱ्या महायुद्धात या गावावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले होते. आता पुलावरून गाडी जात नाही, फक्त माणसं चालतात. हे सगळं मी आईला हातवारे करून, विमानांच्या घरघरीसकट सांगितलं.

"पुरे. नारळ काढ."

मी सुपरमार्केटमधला नारळ काढला. गुळगुळीत, तासून ठेवलेला.

"शेंडी कुठाय?"

"इथे असेच मिळतात, आई."

"असा बोडका नारळ देऊ नदीला? पास तरी कसा झालास रे तू!"

कठड्याशी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तिथलाच, आदिवासी. "काय झालं, मेट?" त्याने विचारलं.

"आज नदीचं डोहाळजेवण आहे," मी इंग्रजीत ठोकून दिलं, "आणि नारळाला केस नाहीत म्हणून माझी आई रुसलीय."

तो हसला नाही. पिशवीतून हातभर सुतळी काढून त्याने आईपुढे धरली. आईने ती नारळाला बांधली, वरचं टोक पिंजलं आणि झोकदार शेंडी तयार केली.

"आधी नदीला सांगा, तुम्ही कोण, कुठल्या," म्हातारा म्हणाला. "परक्या माणसाने न सांगता काही टाकू नये."

हे मात्र मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"अगं बाई! म्हणजे संकल्पच की!" आई खुलली. गोत्र, गाव, तालुका सांगून झाल्यावर तिने माझे तिन्ही वेळचे मार्कही नदीला सांगितले.

खण टाकायला मात्र त्याने अडवलं; कापड नदीत नको. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "विमानं आली तेव्हा मी एवढासा होतो. आईने मला या काठाच्या कपारीत पोटाशी धरून ठेवलं होतं."

मी भाषांतर केलं. या खेपेला हातवारे सुचले नाहीत. आईने खणावर हळदकुंकू वाहिलं आणि तो त्याच्या ओंजळीत ठेवला. "भाऊ, ही तुमच्या आईची ओटी."

त्याने खण छातीशी धरला. मग आईने नारळ सोडला. तो बुडाला नाही, पुलाखालून चालू लागला. साठी उलटलेली माझी आई आणि तो सत्तरीचा म्हातारा, दोघं पलीकडच्या कठड्याकडे पळाली.

"आला, आला!" आई ओरडली. "शेंडी दिसतेय बघा, भाऊ!"