चपला बाहेर

माझ्या घरात एकच कडक नियम आहे. चपला बाहेर. गॅसवाला असो, मीटर बघणारा असो, नाहीतर कारखान्यातला मोठा साहेब असो, पायरीवर काढल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. चेन्नईजवळच्या या आवडी गावची लाल धूळ एकदा फरशीत बसली की चार पाण्यांनी हलत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझा स्वभावच तसा आहे. इथे शेजारीपाजारी सगळेच चपला बाहेर काढतात, तरीही गल्लीतले तमिळ लोक मला मागून 'फरशी मामी' म्हणतात. म्हणेनात बापडे.

शेजारच्या मधुसूदन भावजींची कौमुदी या नियमात वाढली. भावजी रणगाड्यांच्या कारखान्यात टर्नर, तिची आई बँकेत. त्यामुळे पोरगी शाळेतून सुटली की थेट माझ्याकडे. मला मूलबाळ नाही. शेंबडं नाक पुसण्यापासून पाढ्यांपर्यंत सगळं माझ्याच ओसरीवर झालं. दारातून धावत यायची, आणि मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, "चपला!" ती जागच्या जागी थांबायची. पुढे पुढे मला ओरडावंही लागेना. दारापाशी आली की तिचे पाय आपोआप थांबत. मला त्याचा केवढा अभिमान होता!

तीच कौमुदी दोन हजार नऊ साली बाविशीची झाली आणि ॲम्ब्युलन्समधल्या कामाची परीक्षा देऊन बसली. अपघात झाला, कुणाला झटका आला, तर दवाखाना येईपर्यंत माणूस धरून ठेवायचं काम. चेन्नईत अड्यारला एका संस्थेत वर्षभर शिकली. रोज आवडीहून लोकल, पुढे बस. पायात जाड तळव्याचे काळे बूट, घोट्याच्या वरपर्यंत लेस. पोरीला स्थळं बघायची सोडून हे काय, असं तिच्या आईने मलाच दोनदा ऐकवलं, जणू मीच तिला भरीला घातलं होतं. भावजी मात्र म्हणाले, "शिकू दे. पास झाली तर गाडीवर जाईल. नाही झाली तर तुम्ही दोघी बघा स्थळं." म्हणजे सगळं त्या निकालावर येऊन ठेपलं होतं.

परीक्षा देऊन आली त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पायरीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या उगाच खुडत म्हणाली, "काकू, मी गेले कामातून."

"का गं? पेपर अवघड होता?"

"पेपर सोप्पा. प्रॅक्टिकलला वाट लागली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका खोलीत खोटं घर मांडलं होतं म्हणे. लाकडी चौकट, तिला पडदा, दारात खडूने काढलेलं कोलम, म्हणजे इथली रांगोळी, आत चटई आणि चटईवर रबरी बाई. बाई स्वयंपाकघरात कोसळली आहे, बाजूला काचेचा ग्लास फुटला आहे, असं धरायचं. सरांनी घड्याळ लावलं. कौमुदीने हातमोजे चढवले, मोठ्यांदा म्हणाली, "जागा सुरक्षित आहे का ते बघतेय," आणि दारात जाऊन खाली बसली. बुटांच्या लेस सोडल्या. दोन्ही बूट काढले, जोडीने भिंतीला लावून ठेवले आणि अनवाणी पायांनी काचांवरून आत गेली.

"तुला कळलं नाही?"

"अय्यो काकू, कळलं असतं तर काढले असते का? आत जाऊन छाती दाबायला लागल्यावर पायाला फरशी गार लागली, तेव्हा कळलं. सर नुसते माझ्या बुटांकडे बघत बसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं."

मी हसले. काय करणार, हसूच आलं. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती गेल्यावर माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

कारण मला एक दुसरे बूट आठवले. आठ वर्षांपूर्वीचे. आमचे हे जेवता जेवता कलंडले त्या दिवशीचे. ॲम्ब्युलन्सचा माणूस हातात पेटी घेऊन धावत दारात आला, आणि मी, यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली मी, सवयीने ओरडले, "चपला बाहेर!" भाषा त्याला कळली नसेल, आवाज कळला. तो बिचारा पायरीवर बसला आणि लेस सोडायला लागला. दारात चौदा वर्षांची कौमुदी उभी होती. तो आत आल्यावर तिने त्याचे बूट उचलले आणि जोडीने भिंतीला लावून ठेवले. मीच शिकवलं होतं तसं.

डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. डॉक्टर म्हणतातच तसं. लेस सोडायला किती वेळ लागतो ते मी नंतर यांचे बूट घालून घड्याळावर बघितलंय. एकोणीस सेकंद. बोटं थरथरत असली तर पंचवीस. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कौमुदीने ही वाट का धरली, हेही तिला कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला दटावून बोलावलं. "निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर रोज चारला इथे यायचं. मी देव्हाऱ्यापाशी आडवी पडते. तू बुटांसकट आत यायचं."

"तुमच्या घरात? बुटांसकट?" ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"माझं घर आहे. मी सांगतेय."

अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. चारला मी जमिनीवर चटई टाकून पडायचे. खरं सांगते, आयुष्यात इतकी निवांत मी कधी पडले नव्हते. खालून बघितलं की आपलंच घर अनोळखी वाटतं. पंखा सावकाश फिरायचा, खिडकीच्या हिरव्या काचेतून येणारा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलायचा. लांब कारखान्यात रणगाड्याचं इंजिन चालवून बघत, तेव्हा त्याची घरघर फरशीतून पाठीत यायची. कुठे मी, कुठे आमचं मिरज, किती वर्षं झाली, काही काही समजायचं नाही. वाटायचं, हे आत्ता शिट्टी वाजवत सायकल लावतील.

आणि कौमुदी दारात यायची आणि थांबायची.

रोज. नेमाने. उंबऱ्याशी पाऊल अडायचं, हात लेसकडे जायचा. मी झोपल्या झोपल्या ओरडायचे, "अगं, मरतेय मी!" मग ती टाचांवर, चोरासारखी, फरशी वाचवत वाचवत आत यायची. "मेले मी तोवर," मी म्हणायचे, "जा परत." पाच वेळा, सहा वेळा. आठ वर्षांच्या पोरीत मी एवढ्या मेहनतीने जे घातलं, ते बाविशीत उपटून काढायला गेले तर माझ्याच हाताला येईना.

आत आल्यावर मात्र पोरगी अगदी बदलायची. खांदे हलवून हाक मारायची, गालाजवळ कान नेऊन श्वास ऐकायची, मनगटावर दोन बोटं ठेवून गप्प बसायची. तिच्या ओठांत आकडे हलत असायचे. माझं मनगट धरून कुणी इतकं लक्ष देऊन कधी बसलं होतं? मला आठवेना. मी डोळे मिटून घ्यायचे आणि मुद्दाम जरा जास्त वेळ बेशुद्ध राहायचे.

"काकू, नापास झाले तर?" एकदा नाडी मोजता मोजता तिने विचारलं.

"परत बसायचं."

"बाबा देतील बसायला?"

मी डोळे घट्ट मिटले. बेशुद्ध माणसाला उत्तर देता येत नाही, ही एक सोय होती.

असे आठ-नऊ दिवस गेले. गौरी परवावर आल्या. मी गेली आठ वर्षं माझ्या हाताने गौर घरात आणत नाही, आमच्याकडे तसं चालत नाही. कौमुदीच आणते. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मी तांदळाच्या पिठाची पावलं काढते, ती गौर हातात धरून एकेका पावलावर थांबते. मी आतून विचारते, "कोण आली?" ती म्हणते, "गौर आली." मी विचारते, "कशाच्या पावलांनी आली?" ती म्हणते, "सोन्याच्या पावलांनी." लहानपणी, मी स्वतः गौर आणायचे तेव्हा, या उत्तराला ती हटकून स्वतःच्या मळक्या पायांकडे बघून खिदळायची.

त्या दिवशी सकाळीच ती निकाल बघायला अड्यारला गेली. बोर्डावर लावणार होते. बूट घालूनच गेली. सवय व्हावी म्हणून मीच तिला घरीदारी बूट घालायला लावले होते. दुपारी भुरभुर पाऊस पडून गेला. मी फरशी पुसली, गौरीचे मुखवटे चिंचेने घासून ठेवले. चार वाजले. आज काही ती यायची नाही हे ठाऊक असूनही सवयीने चटई टाकली आणि पडले. पंखा फिरत होता. हिरवा उजेड भिंतीवर हलत होता.

डोळा कधी लागला कळलं नाही. स्वप्नात हे दारात पायरीवर बसले होते, पाठमोरे, आणि बुटाच्या लेस सोडत होते. लेस संपतच नव्हती. सुटायची, लांबायची, पायरीवरून खाली गल्लीत जायची, तरी ते सोडतच होते. मी म्हणत होते, अहो, या ना, तसेच या. राहू द्या ते. या. माझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता.

मग धाड धाड पावलं वाजली. अगदी डोक्याशी.

"काकू! काकू! ऐकू येतंय का? काकू!" कुणीतरी माझे खांदे गदागदा हलवत होतं. गालावर श्वास आला, मनगटावर बोटं आली. बोटं गार होती. मी डोळे उघडले. नाकासमोर चिखलाने माखलेला काळा बूट. देव्हाऱ्यापासून वीतभर अंतरावर.

"अगं, झोपले होते मी."

कौमुदी पांढरीफटक पडली होती. "दारातून चार हाका मारल्या. तुम्ही हललाच नाहीत. मला वाटलं…" ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. रडता रडता तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. मग फरशीकडे. "अय्यो," म्हणून ती उठायला लागली. मी तिचा पाय घट्ट धरला, बुटासकट.

"राहू दे."

"काकू, घाण झालीय सगळी."

"राहू दे म्हणते ना."

मग मला आठवलं. "निकाल?"

तिने नाक पुसलं. "बाकी सगळ्यात पास. ते एक प्रॅक्टिकल परत द्यायचंय. पुढच्या सोमवारी." आणि मग हळूच, "बाबांना तुम्ही सांगाल?"

"सांगते. तू झालीस पास," मी म्हणाले.

मी फरशीकडे बघत होते. उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत लाल चिखलाची पाच पावलं उमटली होती. लांब लांब टाकलेली, एकही उंबऱ्याशी अडखळलेलं नाही. इतकी वर्षं हे घर आरशासारखं राखलं, कारण माझ्यासाठी भान विसरून कुणी आत धावलंच नव्हतं. जो एक धावला होता, त्याला मी दारात बसवलं.

मी डोळे पुसले आणि विचारलं, "कोण आली?"

ती आधी गोंधळली. मग तिला कळलं. "गौर आली," ती म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

तिने बुटांकडे बघितलं. "चिखलाच्या."

त्या वर्षी मी पिठाची पावलं काढली नाहीत.