आधी आपले खिसे

आमच्या रेडिओ दुर्बिणीवर एक रिवाज आहे. पल्सारचे, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरी धाडणाऱ्या ताऱ्याचे, ठोके बंद पडले, की लगेच आकाशावर संशय घ्यायचा नाही. आधी आपले खिसे रिकामे करायचे. कुणाचा तरी चालू राहिलेला मोबाइल अख्ख्या आकाशाचा आवाज बुडवू शकतो.

आज दुपारी ठोके थांबले, तेव्हा आमच्या प्रमुख बर्वेबाई सगळ्यांकडे रोखून बघत म्हणाल्या, "काढा बाहेर!" माझ्या पर्समधून किल्ल्या निघाल्या, आईच्या गोळ्यांची काल दुकानातून घेतलेली बाटली निघाली. मोबाइल मात्र सगळ्यांचे बंदच होते. म्हणजे चोर वरच होता, पल्सारभोवती फिरणारा त्याचा जोडीदार तारा. पल्सारच्याच माऱ्याने जोडीदाराच्या अंगावरचा वायू उडत राहतो आणि मग तोच वायू पल्सारला झाकून टाकतो. पुरते बुडण्याआधी ठोके किंचित उशिरा येऊ लागतात. त्या उशिरावरूनच आम्ही ग्रहण ओळखतो. या कामात पडल्यापासून मला उशिरा आलेलं कुठलंच उत्तर खरं वाटत नाही.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच आईला विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली की."

उत्तर जरासं उशिरा आलं.

"खोटं बोलतेस. बाटली दाखव बघू."

बाटली रिकामी होती.

"काल रात्रीच संपल्या गं," आई म्हणाली. "तू दमून आलेलीस. म्हटलं, कशाला आठवण करून द्यायची."

खोटं पकडल्याच्या तोऱ्यात मी पर्स पलंगावर आपटली. आत नवी बाटली खुळखुळली.