गच्चीवरचं ऊन, यांचा श्वास

आमच्या घरावर सोलर आलं ते पृथ्वीला वाचवायला नाही, यांना वाचवायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझं कौतुक करायला नको. मध्ये जवळच्या शाळेतल्या बाई पोरांना घेऊन आमची गच्ची बघायला आल्या होत्या. "बघा मुलांनो, या काकू किती जागरूक आहेत." मी मान हलवली. आमच्या गल्लीत सगळेच मान हलवतात. त्याचं कारण पुढे येईलच.

आम्ही टेमघरचे. खाली कारखाना, वर घर. भिवंडीत कारखाना म्हटलं की कापड विणायचे लूम, दुसरं काही विचारायचं नाही. माझ्या सासऱ्यांनी भाताच्या खाचरावर शेड बांधून लूम टाकले आणि यांनी उभा जन्म त्यात काढला. लूम चालले की कापसाचं बारीक पांढरं उडत राहतं. यांच्या भुवयांवर, कानातल्या केसांवर, डब्यातल्या भाकरीवर ते बसायचं. मी म्हणायचे, "अहो, जेवायला बसण्याआधी तोंड तरी धुवा, म्हातारे दिसताय." छातीत किती गेलं ते कुणाला दिसत होतं? डॉक्टरने फोटो काढला तेव्हा दिसलं.

मग यांचं खाली उतरणंच बंद झालं. कारखाना एका चाचांना भाड्याने दिला. चाचा उत्तर प्रदेशातले, आधी आमच्याकडेच कारागीर होते. आणि वर यांच्या पलंगाशेजारी मशीन आलं. हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीने नाकात सोडणारं. दिवसभर घुं घुं करायचं. त्याच्या मागची जाळी मी काढून धुवायचे, तर त्यावरही कापसाचा पापुद्रा. म्हणजे मशीनलाही यांचाच रोग. हे हसायचे, हसताना खोकायचे, आणि मी ओरडायचे की हसू नका.

मशीनला लाइट लागते. लाइट गेली की ते टीं टीं करून बंद. त्यासाठी कोपऱ्यात ऑक्सिजनचा मोठा लोखंडी सिलिंडर उभा करून ठेवला होता. लाइट गेली की नळी इकडची तिकडे लावायची, एवढंच. पण यांना तो सिलिंडर डोळ्यांसमोर नको असायचा. म्हणायचे, "यमानं आपला वॉचमन बशीवलाय घरान. उठलू का तो, झोपलू का तो."

उन्हाळ्याचं तर काय सांगू. पूर्वी होळी झाली की ऊन लागायचं. आता संक्रांतीचे तीळ डब्यात असतानाच घामाच्या धारा. भर दुपारी गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही, आणि गच्चीच्या खाली आमचीच खोली. गल्लीत घराघरात कूलर आले, ज्यांना परवडलं त्यांनी एसी लावले, आणि तो सगळा भार त्या कोपऱ्यावरच्या एका ट्रान्सफॉर्मरवर. तो जळायचा. दुरुस्त व्हायचा. परत जळायचा. जितकं तापेल तितकं लोक गारवा ओढणार, आणि जितकं ओढणार तितकी लाइट जाणार. यात चूक कुणाची म्हणायची? कुणाचीच नाही. मीही पंखा पाचवर ठेवूनच बसते.

सोलरचं खूळ आमच्या लेकीचं. ती ठाण्याला दिलेली. एका रविवारी आली ती मोबाइलवर फोटो घेऊनच. "आई, एवढं ऊन फुकट चाललंय. बाबांचं मशीन उन्हावर चालेल. कोळसा जाळायला नको, धूर नको." हे एकदम उठून बसले. कित्येक महिन्यांत त्यांना असं बसलेलं मी बघितलं नव्हतं. "खरा हाय तिचा," म्हणाले. "सूर्य काय लोडशेडिंग करतो?" मला पटलं की नाही, माहीत नाही. पण यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता आणि मला तेवढं पुरलं.

पॅनल बसले. बसवणारा पोरगेला माणूस होता, पण कामाला स्वच्छ. सगळं झाल्यावर त्याने आम्हाला ओट्यावर उभं करून पाच-दहा मिनिटं समजावलं. बोटाने मीटर दाखवला, तारा दाखवल्या, वर दाखवलं, खाली दाखवलं. खाली सगळे लूम चालू होते. खटखटाटात त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. आम्ही मान हलवली. मी हलवली, लेकीने हलवली, वर खिडकीत बसलेल्या यांनीही हलवली. लूमच्या गल्लीत राहून माणूस ही एक गोष्ट पक्की शिकतो. समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तरी मान हलवायची. परत परत 'काय' विचारलं तर तो घसा ताणून ओरडणार, आणि आपल्याला तेव्हाही ऐकू येणार नाही. भाजीवाला, पोस्टमन, सोयरे, सगळ्यांशी आमचा संसार असाच चाललेला. त्यात कधी काही बिघडलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, पॅनलचं सुख झालं. बिल उतरलं ते उतरलंच, पण खरं सुख सावलीचं. पॅनलची सावली पडल्यामुळे खालच्या खोलीचा ताव कमी झाला. दुपारी यांना डोळा लागायला लागला. कापूस पॅनलवरही उडून बसायचा, मग मी सकाळी फडका मारून यायचे. नळाला पाणी नसलं की टँकरच्या पाण्याची एक बादली त्यांच्यावर घालायची. जावयासारखी बडदास्त ठेवली मी त्यांची. नेमकी त्या महिना-दीड महिन्यात लाइटही गेली नाही, आणि एक दिवस यांनीच सिलिंडर परत पाठवला. "आता वॉचमनचा काय काम?" गाडीवाला सिलिंडर गडगडत घेऊन गेला तेव्हा हे खिडकीतून त्याला हात करत होते. पाहुणा गाडीला बसवून द्यावा तसा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दुपार आली. एप्रिल. मी खाली ओट्यावर सुका जवळा निवडत बसले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आमच्याकडे लाइट आहे की गेली हे कुणी बल्बकडे बघून ठरवत नाही, कानाने ठरवतो. लाइट गेली की गल्ली एकदम मुकी होते, झोपलेली पोरं दचकून उठतात. त्या दुपारी लूम खटाखट चालू होते. म्हणजे लाइट आहे. म्हणजे वर मशीन चालू आहे. मी निवांत जवळ्यातला कचरा काढत होते.

मग चाचा तंबाखू मळत बाहेर आले. मी हाताने विचारलं, काय, आज जोरात? ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "माल देना है भाभी. लाइट तो कब की गई. आज जनरेटर मँगवाया है, उसी पे चल रहे हैं."

जवळ्याचं सूप कुठे पडलं मला माहीत नाही. जिना चढताना तरी मनात एक होतं, वर सोलर आहे, घाबरायचं काय त्यात. दार उघडलं. पंखा बंद. मशीन टीं टीं करत होतं आणि खालच्या खटखटाटात ते दारातही नीट ऐकू येत नव्हतं. हे खिडकीच्या गजाला धरून बसले होते, बनियन फाडलेलं, ओठ जांभळे. हातात चमचा होता. त्या चमच्याने ते गजावर वाजवत होते. माझ्याकडे बघत होते आणि वाजवतच होते.

मी चाचांना हाक मारली, पण त्यांना ती कशी जाणार? धावत खाली गेले, हात धरून ओढत वर आणलं. पुढचं सगळं त्यांनी केलं. कारखान्यातून वायर ओढली, खिडकीतून आत घेतली, जनरेटरवर मशीन लावलं. खाली भिंतीलगत जनरेटर धडधडत होता आणि त्याचा डिझेलचा काळा धूर सरळ खिडकीतून आत येत होता. खिडकी लावावी तर उकाड्याने जीव जाईल, उघडी ठेवावी तर धुराने. मी ओला टॉवेल धरून उभी राहिले. वर पॅनल तळपत होते. इतकं ऊन की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आणि माझा नवरा डिझेलवर श्वास घेत होता.

संध्याकाळी तो पॅनलवाला आला. पाया पडायच्या बेतात होता बिचारा. "मावशी, मी सांगितलं होतं. हे लाइनला जोडलेलं सोलर आहे. लाइट गेली की हेपण बंद होतं. नाहीतर आपली वीज तारेत जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. बॅटरी वेगळी घ्यावी लागते, तेही बोललो होतो. तुम्ही मान हलवलीत." वायरमनचा जीव वाचायलाच पाहिजे. त्यालाही घरी कुणी असेल. मी त्याला चहा दिला. लेक फोनवर हमसून हमसून रडली, मी म्हटलं, तुझी काय चूक, आपण सगळ्यांनीच हलवली. मला राग यायला हवा होता. माझा राग गल्लीला ठाऊक आहे, पाणी भरताना मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी आत हात घालून बघितलं तर काहीच लागेना. भांडं रिकामं. तेव्हापासून ते तसंच आहे.

मग बॅटरी आली. सिलिंडरही परत आला आणि यांनी त्याच्याकडे पाठ केली. बॅटरी चांगली होती. लाइट गेली तरी मशीन चालू राहायचं, काही तास. पावसाळ्यात मात्र आभाळ आठवडा आठवडा उघडलं नाही. पूर्वी पाऊस रमतगमत पडायचा, आता सगळा एकदम ओततो. कोपऱ्यावर पाणी भरलं, ट्रान्सफॉर्मर पाण्यात, लाइट नाही, वर ऊन नाही, बॅटरीचे दिवे एकेक करून विझत चाललेले. शेवटी सिलिंडरच. माझा भाऊ गणेशपुरीकडे असतो, भातशेती आहे, हवा चांगली. तो म्हणाला, दाजींना इकडे आणा. हे म्हणाले, "तिकडे हवा हाय पन लाइट न्हाय. इकडे लाइट हाय पन हवा न्हाय. मी जाऊ कुठं?" विनोद म्हणूनच बोलले होते. मीही हसले, म्हणजे तोंडाने.

लेक म्हणते, आई, म्हणून काय सोलर वाईट ठरत नाही. मी कुठे म्हणते वाईट? जेवढं त्याच्याकडून होतं तेवढं ते करतं. ऊन असलं तर वीज देतं, नसलं तर नाही. आम्हीच त्याला देव करून बसलो होतो. आणि जगभरचे सगळे कोळसे उद्या बंद झाले तरी यांच्या छातीत बसलेला कापूस कोण काढणार होतं?

डिसेंबरातला शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे लूमना सुट्टी असते. गल्ली शांत, आणि थंडी म्हणावी तशी नाहीच, लख्ख ऊन. हे हळू आवाजात बोलले तरी ऐकू येत होतं. म्हणाले, "आज भाकरी नको गो. मऊ भात टाक, वर तूप." मी म्हटलं, "तूप डॉक्टरने बंद केलंय." म्हणाले, "डॉक्टरला कोन सांगायला जातोय?" मी भात टाकला. शिटी होईपर्यंत ओटा पुसला. मशीन घुं घुं करत होतं, स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होतं. ताट घेऊन गेले तर हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. म्हटलं, झोपू दे. ताट झाकून मी तिथेच बसले. बराच वेळ बसले. मशीन चालू होतं, म्हणून मी काही बघितलंच नाही. झाकण काढलं तर तूप थिजलेलं, तेव्हा यांच्या अंगाला हात लावला. गार.

लाइट होती. ऊन होतं. बॅटरी भरलेली होती, सगळे दिवे हिरवे. सिलिंडर काठोकाठ. कशाचीच कमी नव्हती.

चाचा आले, गल्लीतल्या बायका आल्या. कुणीतरी मला पाणी दिलं, मी प्याले. रडू आलं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या, की ही रडत कशी नाही. एकीने मला हलवूनसुद्धा बघितलं. लेक ठाण्याहून पोचली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. ती यांच्या उशाशी बसून खूप रडली. मग डोळे पुसून तिने यांच्या नाकातली नळी हळूच काढली. नळीतून हवा येतच होती, तिच्या बोटांवर. तिने मशीनच्या बटणाकडे हात नेला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, बंद करू?"

मी म्हटलं, "राहू दे गं. लाइट आहे अजून."