डोळे मिटून दिलेले अभिप्राय

डागमास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे ड्रायक्लीन करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ते तीस वर्षं डाग काढत होते, म्हणून त्यांना तसं म्हणायचे. तेलाचा, शाईचा, गंजाचा, लिपस्टिकचा, कसलाही डाग असो, मास्तर कापड नाकाशी नेऊन तो ओळखत. एवढ्या गुणी माणसात देवाने एक उणं ठेवलं होतं. मास्तर विलक्षण भित्रे होते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. शेजारच्या घरातलं मांजर जिन्यात आडवं बसलं की खालीच उभे राहून, ते उठेपर्यंत, घड्याळाकडे बघत कोणाची तरी वाट पाहत असल्याचं सोंग करायचे.

असा माणूस इटालियन भयपटांच्या नादी कसा लागला, हे ऐकण्यासारखं आहे. एक दिवस दातांचा डॉक्टर आपला पांढरा सूट घेऊन दुकानात आला. छातीवर हा एवढा लालभडक डाग. मास्तरांनी लांबूनच सांगितलं, "हे रक्त नाही. रक्त इतकं लाल राहतच नाही, तासाभरात तपकिरी पडतं. हा रंग आहे." डॉक्टर खूश झाला. तो गावातल्या फिल्म क्लबचा चिटणीस होता आणि क्लबाच्या नाटुकल्यात खून होऊन आला होता. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही जुने इटालियन भयपट बघायलाच हवेत. तिथलं रक्त असंच असतं. अगदी नेलपॉलिश!" आणि जिथे लोक असे सिनेमे बघून आपली मतं लिहितात, त्या वेबसाइटचं नाव त्याने पावतीच्या पाठीवर लिहून दिलं.

मास्तरांनी पहिला सिनेमा लावला आणि नवव्या मिनिटाला बंद केला. तोवर कोणी मेलंही नव्हतं, नुसता एक दरवाजा करकरला होता. पण तेवढ्या नऊ मिनिटांत जे पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. काय ते पडदे! काय ती मखमल! भिंतीवर लाल उजेड, जिन्यावर निळा, आणि बाईच्या अंगावर असा पिवळा कोट, की त्यावर थेंबभर चहा सांडला तर काळजात कळ यावी. तीस वर्षं ज्याने रंग घालवण्याचंच काम केलं, त्याला इतके रंग एकदम भेटले. पुढचा रविवार येईपर्यंत त्यांना चैन पडलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी बायकोला सोबतीला बसवलं. मास्तरीणबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होत्या. रोज सकाळी चाळीस लोकांच्या हाताला पट्टा बांधून, "मूठ आवळा, इकडे बघू नका," म्हणत त्या रक्त काढायच्या. त्यांना पडद्यावरच्या रक्ताचं काय कौतुक? त्या शेंगा सोलायला घेऊन बसल्या आणि मास्तरांचं एक तंत्र ठरून गेलं. संगीत वाढलं की मास्तर डोळे गच्च मिटायचे, बाईंचं कोपर धरायचे आणि विचारायचे, "गेली का?"

"नाही अजून. जिना चढतेय. समोर दार सताड उघडं आहे, पण ही वरच जाणार."

"आता?"

"आता गेली. उघडा डोळे."

आणि मधल्या वेळात बाई बोलत राहायच्या. कोणाला सांगायचं म्हणून नव्हे, हात चालू असले की त्यांचं तोंडही चालू असायचं. "एवढं मोठं घर, आणि दिवे सगळे लाल नाहीतर निळे. ह्या लोकांना सुईत दोरा ओवायचा झाला तर जातात कुठे?" हातमोजे घातलेला खुनी दिसला की म्हणायच्या, "मोजे बघा कसे चकचकीत. दर खुनाला नवे दिसतायत. म्हणजे ह्याच्या घरी कोणीतरी धुणारी आहे. त्या पोलिसाला म्हणावं, तिला जाऊन विचार, तिला सगळं ठाऊक असणार." एकदा नटीने जिवाच्या आकांताने किंकाळी फोडली, तर बाई म्हणाल्या, "तोंड मिटलं, मग आवाज आला. आवाज दुसरीचाच आहे. बिचारीला ओरडणंसुद्धा दुसऱ्या बाईकडे सोपवावं लागलं."

मास्तर हे सगळं लिहून घेत होते. ही त्यांची धंद्यातली खोड. गिऱ्हाईक डागाबद्दल हमखास खोटं बोलतं, म्हणून ते जे सांगेल ते चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि चिठ्ठी कपड्याला टाचायची, हा त्यांचा शिरस्ता होता. "कॉफीच आहे" आणि "कॉफी असेल बहुतेक" यात जमीन-अस्मानाचा फरक. "असेल बहुतेक" आलं की समजावं, कॉफी नाही. त्यामुळे कोणाचं वाक्य बदलायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. घरी दुकानाच्याच चिठ्ठ्या होत्या. बाईंना वाटायचं, नवरा सोमवारचं काम उरकतोय.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर त्या चिठ्ठ्या समोर ठेवून मोबाइलवर आपला अभिप्राय टाकायचे. सुरुवातीला डागांबद्दल दोन ओळी स्वतःच्या, आणि खाली बायकोचं सगळं, काना-मात्रा न बदलता. एक गोष्ट तेवढी ते लिहायला विसरायचे. हे बोललं कोण, ती. टोपणनाव घेतलं होतं "थंड पाणी", कारण रक्ताच्या डागाला गरम पाणी लावलं की तो कायमचा बसतो.

आणि काय सांगावं, थंड पाणी गाजलं! वेबसाइटवर बाकीचे लोक पाच-पाच पानं लिहायचे, त्यांत "प्रकाशाचं व्याकरण" आणि "भयाची भूमिती" असलं काहीतरी असायचं, आणि वाचून कोणाला काही कळायचं नाही. त्यांच्यात हा माणूस विचारतो, सुईत दोरा कुठे ओवतात? लोक तुटून पडले. वर्षभरात दोन हजार माणसं मास्तरांच्या सोमवारची वाट बघू लागली. ज्यांच्याकडे आजवर लोकांनी कोटावरचा डाग दाखवण्यापुरतंच बघितलं होतं, त्या मास्तरांना कोणी "निर्भीड" म्हणालं. निर्भीड! मास्तरांनी तो शब्द तीन वेळा वाचला. बायकोचं नाव घालायचं त्या दिवशी त्यांच्या मनात आलं होतं, हे सांगायला हवं. पण शब्द गोड होता. पुढच्या सोमवारी बघू म्हणाले, आणि पुढच्या सोमवारीही तेच म्हणाले.

बाईंना एवढंच माहीत होतं की नवरा पिक्चरांतल्या डागांवर लिहितो आणि लोक वाचतात. त्याचा त्यांना केवढा अभिमान! लॅबमध्ये सुई टोचता टोचता त्या पेशंटला सांगायच्या, "आमचे हे लिहितात हो. मला दाखवत नाहीत, लाजतात."

मग क्लबाचं निमंत्रण आलं; थंड पाणी म्हणजे मास्तरच, हे डॉक्टरने कधीच ओळखलं होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, रविवारी पाच वाजता, मोठ्या पडद्यावर इटालियन भयपट. नंतर थंड पाणी यांच्याशी गप्पा. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या पडद्याची धास्ती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली धास्ती वेगळी होती. डॉक्टर स्टेजवरून ते अभिप्राय वाचून दाखवणार, आणि ऐकायला बायको असणार. आपल्या बायकोचे शब्द आपण वर्षभर स्वतःचे म्हणून मिरवले, हे तिला भर सभेत कळलं तर ती आपल्याला काय समजेल?

"तू येऊ नकोस," ते म्हणाले. "कंटाळशील."

"वा! तुमचा सत्कार आणि मी घरी बसू?" बाईंनी त्यांचा शर्ट इस्त्री केला, स्वतःची ठेवणीतली साडी काढली आणि शेजारणीलाही बरोबर घेतलं. मास्तरांना वाटेत दोनदा पोटात दुखलं, पण बाईंनी पोट तपासून ते ठणठणीत असल्याचं सांगितलं.

हॉल भरला होता. मास्तरांना पहिल्या रांगेत डॉक्टरशेजारी बसवलं, बाई तिसऱ्या रांगेत. डॉक्टरने ओळख करून द्यायला घेतली आणि व्हायचं तेच झालं. त्याने आधी दोरा वाचला, मग हातमोजे, मग किंकाळी, आणि दरवेळी मास्तरांनी त्या पिक्चरला किती तारे दिले तेही. प्रत्येक वाक्याला हॉल खदखदून हसला. मास्तरांनी मान वळवून मागे पाहिलं. शेजारीण हसत होती. मास्तरीणबाई हसत नव्हत्या. त्या पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून समोर बघत होत्या, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यात दिवे गेले.

तो सिनेमा मास्तरांनी कसा निभावला ते त्यांनाच माहीत. एकेक पडदा घराएवढा, एकेक डोळा टेबलाएवढा. संगीत वाढायला लागलं तसे त्यांनी डोळे मिटले आणि सवयीने शेजारचं कोपर धरलं. "गेली का?" त्यांनी हळूच विचारलं.

कोपर डॉक्टरचं होतं. डॉक्टरला वाटलं, हा काही खोल प्रश्न आहे. तो विचार करून म्हणाला, "एका अर्थी, हो."

आता यावरून माणसाने डोळे उघडायचे की नाही? मास्तरांनी उघडलेच नाहीत. पुढची वीस मिनिटं ते तसेच अंधारात बसून राहिले, आणि त्यांना सिनेमाची नव्हे, तिसऱ्या रांगेची भीती वाटत राहिली.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. मास्तरांना खुर्ची दिली, हातात माइक दिला. वाचनालयाच्या ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या. "आरशातल्या खुनाबद्दल तुमचं मत ऐकायचं आहे. सगळं त्या एका दृश्यात आहे असं मला वाटतं."

मास्तरांनी आरसा पाहिलाच नव्हता. "आरसा," ते म्हणाले. "आरसा चांगला होता." मग त्यांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. "रक्ताला थंड पाणी लावावं," ते शेवटी म्हणाले. कोणीतरी खोकलं.

डॉक्टर मदतीला धावला. "वहिनी आल्यात आज! वहिनी, तुम्हीही बघता का यांच्याबरोबर?"

मास्तरीणबाई उठल्या. सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. मास्तरांनी माइक घट्ट धरला. आता ती सांगणार, आणि सांगितलं तर तिचं काय चुकलं?

"छे हो," बाई म्हणाल्या. "मला कसलं कळतंय त्यातलं. मी आपली शेंगा सोलत बसते. हेच बघतात, पापणीसुद्धा न हलवता." आणि त्या हसल्या. पेशंटला "अजिबात दुखणार नाही" म्हणताना त्या हसतात, तसं.

झालं, मास्तर वाचले होते. गप्प बसले असते तर चहा पिऊन, हार घालून घरी गेले असते. पण ते "मला कसलं कळतंय" त्यांना सोसलं नाही. तीस वर्षं खोटं ऐकून ओळखणारा माणूस तो; आणि हे खोटं तर आपल्यासाठी बोललेलं.

"ती खोटं बोलतेय," मास्तर माइकमध्ये म्हणाले. माइकचा आवाज त्यांच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "मी बघत नाही. मला भीती वाटते. खून आला की मी डोळे मिटतो आणि ही मला सांगते. दोरा हिचा, मोजे हिचे, किंकाळी हिची. मी फक्त लिहून घेतलं आणि खाली माझं नाव टाकलं. आरसा मी पाहिलेला नाही. हिने पाहिलाय, हिला विचारा."

ग्रंथपालबाई सावकाश तिसऱ्या रांगेकडे वळल्या. "मग? आरसा?"

बाईंना राग आला होता, हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. पण प्रश्न आला की उत्तर द्यायचं ही त्यांची जात. "त्या मुलीला आरशात खुनी दिसला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिने आधी केस सारखे केले. मग ओरडली. माणूस कोण आहे ते नंतर, आपण कशा दिसतोय ते आधी. आता तिला ही सवय कोणी लावली, त्याला पकडा."

हॉल एकदम उठलाच. ग्रंथपालबाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढचा पाऊण तास मास्तरांना कोणी काही विचारलं नाही, आणि हार बाईंच्या गळ्यात पडला.

शेजारीण आपल्या भाच्याच्या स्कूटरवरून निघून गेली. बस-स्टॉपवर दोघंच उरले. बाई बस येते त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मास्तरांना तो हॉल परवडला असता.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलंच! चोरीच आहे ती. आणि त्या जिन्याच्या पिक्चरला चार तारे कोणी दिले?"

"मी."

"दोन द्यायचे होते. विचारायचं तरी." बाईंनी हार काढून पर्सवर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "सव्वीस वर्षं झाली लग्नाला. मी बोलते आणि तुम्ही 'हं' म्हणता. मला वाटायचं, भिंतीशी बोलतेय. मी ठरवूनही टाकलं होतं, नाही ऐकत तर नाही ऐकत, माणूस तसा चांगला आहे. आणि आज तो डॉक्टर वाचायला लागला, तर माझा शब्दन् शब्द! 'म्हणावं'सुद्धा माझंच! हे मला दोन हजार लोकांच्या नंतर कळायचं होतं का हो? घरात सांगता येत नव्हतं?"

मास्तर खाली मान घालून उभे होते. लांबून बस येताना दिसली, पण ती दुसरीच निघाली आणि न थांबता गेली. बाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि त्यांच्याकडे वळल्या.

"आता गप्प का? बोला की काहीतरी."

"ऐकतोय ना," मास्तर म्हणाले.