अलामूच्या कबरीवरचा जनरेटर

इबादान शहराच्या जुन्या भागात, जिथं घरांचे पत्रे गंजून विटकरी झालेत, तिथं तिनुकेचं घर विचारा. नंबर कुणी सांगणार नाही. "ती हो, नवऱ्याच्या उरावर जनरेटर ठेवलाय ती," असं सांगतील. सांगणारी बहुधा शेजारची बोसेदेची आई असते. त्या बाईच्या तोंडाला कुलूप नाही, आणि असतं तरी तिनं किल्ली हरवली असती.

पण या बाबतीत ती खोटं बोलत नव्हती. अलामू गेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला घरामागच्या अंगणातच पुरलं आणि वर सिमेंटचा चौथरा बांधला. अंगण सगळं उताराचं. जनरेटर कुठंही ठेवा, तो तिरका व्हायचा, तेल एका अंगाला जायचं आणि आचके देत बंद पडायचा. सपाट जागा उरली एकच, अलामूच्या छातीवरची. थोरलीनं फर्मान काढलं, "तिथंच ठेव. चोर कबरीवर पाय ठेवायचा नाही. आणि जिवंतपणी तरी त्यानं ते मशीन दुसऱ्याच्या हाती कुठं दिलं होतं? बसू दे राखण करत."

थोरली म्हणजे असाबी, अलामूची पहिली बायको. तिनुके दुसरी. धाकटीनं थोरलीला नावानं हाक मारायची नसते, 'इयाले' म्हणायचं, म्हणजे घरची आई. थोरली हिला 'इयावो' म्हणे, म्हणजे नवरी. नवरीच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी थोरलीच्या लेखी ती नवरीच.

दोघींचं तिनुकेच्या लग्नापासून भांडण. मिरची जास्त पडली म्हणून भांडण, कमी पडली म्हणून भांडण. तिनुकेचा थोरलीवर जीव होता असं म्हणाल तर ती चप्पल काढील. पण अलामू गेला, मुलं आपापल्या वाटेनं पांगली आणि घरात या दोघीच राहिल्या. त्यात थोरलीच्या छातीनं दगा दिला. उभा जन्म मासे धुरावर भाजून विकलेली बाई. तो सगळा धूर छातीत जमून बसला होता. परदेशातल्या मुलीनं श्वासाचं मशीन पाठवलं. ते विजेवर चालायचं, हवेतून चांगली हवा गाळायचं आणि नळीनं थोरलीच्या नाकात सोडायचं. लाईट गेली की मशीन किंचाळायचं आणि थोरलीचे ओठ जांभळे पडायला लागायचे.

आणि आमच्याकडे लाईट येते ती पाहुण्यासारखी. आली की गल्लीतली पोरं आनंदानं ओरडतात, गेली की कुणी चकार शब्दही काढत नाही.

म्हणून तिनुके त्या जनरेटरची जशी सेवा करायची तशी तिनं नवऱ्याचीही केली नव्हती. पेट्रोलात पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा ती ते डोक्याला बांधायच्या जुन्या रुमालातून गाळून घ्यायची. प्लग काढून कानशीनं घासायची. दर शनिवारी, लाईट असली तरी, तो थोडा वेळ चालवायची आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक फिरवून आतला थेंबन् थेंब जाळून टाकायची. अलामूनंच शिकवलं होतं. "मशीनला झोपू द्यायचं नाही आणि तोंडात घास ठेवून निजू द्यायचं नाही." आतून थोरली ओरडायची, "इयावो, दोरी ओढतेस की विहिरीतून बादली? जोर कुठं गेला? दोन वाट्या अमालाची उकड तर माझ्या आधी गिळलीस."

"तुमच्या आधी या घरात पाणी तरी प्यायला मिळतं का, इयाले?"

ते खरंच होतं. आंघोळ आधी थोरलीची, ताट आधी थोरलीचं, पाहुण्यांचा नमस्कारही आधी थोरलीला. मान थोरलीचा. लाईट बदलायचा दांडासुद्धा थोरलीच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. दांडा वर केला की तारेवरची वीज, खाली ओढला की जनरेटरची. अलामूच्या वेळेपासून त्याची एक रीत ठरलेली. मागे तो मशीन सुरू करायचा, आवाज एका लयीत आला की हाक द्यायचा, "असाबी!" आतून थोरली "ओ!" म्हणायची आणि दांडा खाली ओढायची. धाकटीचं काम पेट्रोल आणून देण्याचं. तिच्या नावाची हाक त्या कामात कधी आली नाही.

खरं तर हाक मारणारा दिसत नसेल तर ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. कोण कुणाच्या आवाजात बोलावतं, काही सांगता येत नाही, आणि ओ देणारा फार दिवस टिकत नाही. अलामू त्यावर हसायचा. "मशीनपाशी मीच असणार. दुसरं कोण येतंय पेट्रोलचा वास घ्यायला?"

तो गेल्यावर तिनुके मागून "इयाले!" म्हणायची, आतून ओ यायची, स्वयंपाकघराच्या दारावरचा दिवा लागायचा. तो दिवा लागला की तिनुकेचा जीव भांड्यात पडायचा.

त्या वर्षी हरमटान लवकर सुटला. वाळवंटावरून येणारा तो कोरडा वारा. ओठ फुटतात, भर दुपारी सूर्य धुळीत विरघळून जातो आणि समोरचं घरसुद्धा पुसल्यासारखं दिसतं. अशाच एका दुपारी जनरेटर चालू होता आणि तिनुके चौथऱ्याच्या कडेला बसून रताळी सोलत होती. मशीनच्या घरघरीखालून तिला हाक आली.

"तिनुके."

ती उठून उभी राहिली. अंगणात कोणी नव्हतं. बोसेदेची आई भिंतीपलीकडे कपडे झटकत होती, तिनं काही ऐकलेलं दिसलं नाही. पुन्हा तेच. "तिनुके." आवाज अलामूचा, आणि शेवटच्या दिवसांतला खोकरा नव्हे, लग्नाच्या पहिल्या वर्षातला, मऊ. तिनुकेनं दातांवर दात दाबून धरले आणि रताळी तिथंच टाकून आत गेली.

त्यानंतर मशीन चालू असलं की हाक यायची. रोज नाही, पण आज नाही असं वाटावं आणि नेमकी यावी. मशीन बंद केलं की अंगण गप्प. तिनुकेनं भिंतीवरून बोसेदेच्या आईला विचारलं.

"अगं, तू त्याच्या उरावर ते धूड नाचवतेस. चौथरा कसा थरथरतो, मी बघते ना," ती म्हणाली. "तू त्याला झोपू देत नाहीस, तर तो तुला बसू देईल का? खाली उतरव ते. आणि ओ देऊ नकोस, बाई. ज्याचं नाव, त्याचा नंबर."

तिनुकेनं ऐकलं. जनरेटर ओढत खाली आणला, एका बाजूला विटा लावून बरोबर केला. संध्याकाळी लाईट गेली. दोरी ओढली, मशीन सुरू झालं, दिवा लागला, आणि भात शिजायच्या आत वीट सरकली, मशीन तिरकं झालं आणि बंद पडलं. पुन्हा पुन्हा दोरी ओढली तरी ऐकेना. आत श्वासाचं मशीन किंचाळत होतं. शेवटी तिनुकेनं शेजारणीला हाका मारल्या, दोघींनी ते धूड उचलून चौथऱ्यावर ठेवलं, आणि पहिल्याच ओढीला ते चालू झालं. आत जाऊन बघते तर थोरलीची नखं शाईत बुडवल्यासारखी झाली होती. तिनुके तिचे हात चोळत बसली आणि रडली. आपण रडतोय याचाच तिला राग आला.

थोडा दम परत आल्यावर थोरली म्हणाली, "खाली कशाला उतरवलंस?"

तिनुकेनं सांगून टाकलं.

"हाक कुणाला मारतो?"

"मला."

थोरलीनं नाकातली नळी सारखी केली. "मला नाही?"

"नाही."

"मेल्यावरही अक्कल आली नाही त्याला," थोरली म्हणाली. तिचा आवाज आता इतका खाली गेला होता की कान जवळ न्यावा लागायचा. "या घरात आधी ताट कुणाचं?"

"तुमचं."

"मशीन सुरू झालं की हाक कुणाची?"

"इयाले, हाक म्हणजे काय लग्नातलं लुगडं आहे का, मान म्हणून घ्यायला? मरणाची हाक आहे ती."

"म्हणूनच," थोरली म्हणाली. मग नेहमीसारखी करवादली, "तू ओ दिलीस तर याद राख. उद्या माझी पेज कोण करणार, तुझा बाप? मशीन तिथंच ठेव. तोंड तेवढं बंद ठेव. तेही जमत नाही तुला."

तिनुकेनं तोंड बंद ठेवलं. दोरी ओढायची, "इयाले!" म्हणायचं, ओ ऐकू आली नाही तरी दिव्याकडे बघत राहायचं. दिवा लागायला रोज थोडा जास्त वेळ लागत होता. दांडा मीच ओढते, आत येऊन ओढते, असं ती कितीदा म्हणाली. थोरली ऐकेल तर शपथ. "त्या दांड्याला तुझा हात लागलेला मला दिसता कामा नये," म्हणायची. तिनुकेला कळत होतं. त्या बाईकडे हक्क सांगायला तेवढंच उरलं होतं.

मग ती दुपार आली. धूळ इतकी की अंगणातलं आंब्याचं झाड दिसेना. लाईट गेली. आत मशीन किंचाळलं. तिनुके हातातली डाळ तशीच टाकून मागे धावली, चौथऱ्यावर चढली, कॉक उघडला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला जनरेटर सुरू झाला. लय धरली.

"इयाले!"

दिवा लागला नाही.

"इयाले! ओढा!"

नाहीच. आतलं किंचाळणंही थांबलं. त्या मशीनची आतली बॅटरी संपली की ते तसं थांबायचं. तिनुके आत धावायला वळली, आणि हाक आली.

"तिनुके."

या वेळी घरघरीखालून नव्हे. अगदी पायाशी. अनवाणी तळव्यांना ती कळली. तिनुकेचा पाय उचलेना.

"तिनुके, ये."

किती मायेनं म्हणाला. जिवंत असताना असा कधी बोलला असता तर. दाराकडे बघितलं, दिवा तसाच मेलेला. गेली वाटतं थोरली, तिला वाटलं. मग आता राहिलं काय? कुणासाठी पेट्रोल गाळायचं, कुणाशी भांडायचं? एक ओ दिली की संपलं. तिचं तोंड उघडलं. जीभ उचलली गेलेली तिला कळली.

"ओ!"

ती तिनं दिली नव्हती. घरातून आली. बाजारात मासे विकताना थोरली जी आरोळी मारायची, तीन गल्ल्यांपलीकडे जाणारी, त्या आवाजातली. कित्येक महिन्यांत जो आवाज खोलीच्या दारापर्यंत पोचला नव्हता तो.

"ओ! आले! मी आले!"

आणि दिवा लागला.

तिनुके धावत आत गेली. थोरली पलंगावरून अर्धी खाली आली होती, एक हात दांड्यावर, दांडा खालपर्यंत ओढलेला. नळी नाकातून निसटली होती. श्वासाचं मशीन पुन्हा फुसफुसत होतं, त्यातून चांगली हवा येत होती, आणि ती घ्यायला कोणी नव्हतं. चेहऱ्यावर मात्र गिऱ्हाइकाशी घासाघीस जिंकल्यासारखा भाव होता. तिनुकेनं नळी परत लावली. किती तरी वेळ लावून धरली. बोसेदेची आई आली आणि तिनं हळूच तिचा हात सोडवला.

थोरलीला अलामूच्या शेजारीच पुरलं. चौथरा वाढवला, आता अंगणात सपाट जागाच जागा आहे. जनरेटर अलामूच्याच बाजूला ठेवलाय. थोरलीला तो आवाज फार जवळ नको असायचा. तिनुके अजून पेट्रोल रुमालातून गाळते, प्लग घासते, शनिवारी मशीन चालवते.

"आता कुणासाठी गं?" बोसेदेची आई भिंतीवरून विचारते. "एक फ्रिज नाही घरात. कशाला तो धूर?"

"मशीनला झोपू देऊ नये," तिनुके सांगते.

खरं ती सांगत नाही. अलामूची हाक त्या दिवसापासून बंद झाली. आता लाईट असो नसो, तिनुके मशीन चालू करून धाकटीनं बसायच्या जागी, थोरलीच्या पायाशी बसते आणि घरघरीखाली कान लावते. नावानंच असं नाही, नुसतं 'इयावो' म्हटलं तरी चालेल. दोरी ओढायची अक्कल नाही म्हणून शिवी दिली तरी चालेल. त्या हाकेला ती लगेच ओ देणार आहे. पण आधी हाक मारायचा मान थोरलीचा. आणि ती काही हाक मारत नाही.