अस्वलांच्या पुस्तकातली आई

ह्यांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बेंगळुरात, बसवनगुडीत भाड्याच्या घरात आलो, तेव्हा लेक तीन वर्षांची होती. एकोणीसशे साठच्या आसपासचे दिवस. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई, त्यांना सगळे अज्जी म्हणत. लेकीने त्यांच्याकडून कन्नड असं उचललं की भाजीवाल्याशी बोलायला मला तीच लागायची. मी आपली ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढ्यावर गाडा हाकत होते.

ती पाच वर्षांची झाली, इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. कारखान्यातल्या सगळ्यांची मुलं त्याच शाळेत. आपल्या पोरीला घेतलं नाही तर हळदीकुंकवाला कुठल्या तोंडाने जायचं? रोज दुपारी तिला पाटी घेऊन बसवायची. अक्षर उलटं काढलं की फूटपट्टी. माझा हात आधी चालतो, तोंड मागाहून. आणि तोंडही काही कमी नाही. जिन्यातून अज्जी ओरडायच्या, “साकु, बिडम्मा!” पुरे, सोड तिला. मी दार लावून घ्यायची.

प्रवेशाच्या मुलाखतीला शाळेत मोठ्या बाईंनी आम्हां दोघींना समोर बसवलं. पाटी नाही, पेन्सिल नाही. त्यांनी टेबलावर एक परदेशी पुस्तक ठेवलं. अस्वलांची चित्रं, आणि अक्षर म्हणाल तर एकही नाही! मला वाटलं, छापताना राहून गेलं असेल. बाई कन्नडमधून म्हणाल्या, “गोष्ट सांग.”

लेक चित्राच्या वर-खाली अक्षरं शोधायला लागली. सापडेनात, तशी रडवेली होऊन माझ्याकडे बघायला लागली. माझा धीर सुटला. “अगं बोल की! सगळं येतं हो हिला, ए टू झेड!” मी चक्क मराठीत बाईंना सांगत सुटले. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि चित्रावर बोट ठेवलं.

चित्रात स्वयंपाकघर होतं. टेबलाखाली पिल्लू बसलेलं, आणि आई अस्वल हातात लाकडी डाव घेऊन वाकून बघत होती. दोघांचा लपंडाव चाललाय, हे कुणालाही कळलं असतं.

यात चुकायला काही नाही, हे पोरीच्या लक्षात आलं असावं. ती एकदम बोलायला लागली, तेही घडाघडा, कन्नडमधून. पिल्लाला अक्षर नीट काढता येत नाही. म्हणून ते लपलंय. आई आता मारणार. तिने दार लावलंय, म्हणजे अज्जीला आत येता येणार नाही.

एरवी मला कन्नड अर्धंमुर्धं कळायचं. त्या दिवशी शब्दन् शब्द कळला. कानशिलं तापली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, ते तर जास्तच लागलं.

त्यांनी पान उलटलं. पिल्लू आईच्या मांडीवर बसून काहीतरी खात होतं. लेक कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बेरे अम्म.” ही वेगळी आई आहे.

“शाणी आहे मुलगी,” बाई म्हणाल्या. प्रवेश मिळाला. तिथल्या तिथे जमीन दुभंगावी असं वाटत होतं, आणि मी मात्र हात जोडून हसत उभी होते.

संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. तिला उचलून विचारलं, “काय विचारलं गं बाईंनी?”

“गोष्ट सांगायला लावली.”

“अस्सं? कुठली सांगितलीस?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाशी धरून उभी.

“अस्वलाची,” ती म्हणाली. “बाबा, ते दोघं लपंडाव खेळत होते.”