इंजिनवाल्या साहेबाचा नातू

शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती, तेव्हा एक दिवस हेडमास्तरांचा फोन आला. इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. त्याचा आजा इंग्रजांच्या काळात आमच्या तुमसरकडच्या मँगनीजच्या खदानीवर पंपाचं इंजिन सांभाळायचा. ती जागा त्याला एकदा बघायची होती. कुणी इंग्रजी जाणणारा सोबत मिळेल का, असं त्यानं विचारलं होतं. आमच्या गावात इंग्रजी म्हणजे मी.

वरठी स्टेशनवर मी त्याला घ्यायला गेलो. उतरला तो पंचाहत्तरीचा, गुडघे दुखणारा साधा माणूस. साहेबासारखं त्याच्यात काहीच नव्हतं. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर राबलेला.

"तुमच्या इथलं मँगनीज आमच्याच भट्टीत यायचं म्हणे," तो गाडीत म्हणाला. "आता भट्टीच राहिली नाही. स्वस्त पोलाद आशियातून येतं. आमच्या गावची निम्मी दुकानं बंद आहेत."

हे ऐकून मला आतून बरं वाटलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. टीव्हीवर रोज ऐकत होतो की आपला देश इंग्लंडच्या पुढे गेला. मी त्याला ते ऐकवलं. वर म्हणालो, "पूर्वी आमचे लोक तुमच्या दारात अर्ज घेऊन उभे राहायचे. आता तुम्ही येता."

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "तुमची पाळी यायलाच हवी होती."

त्याला राग आला असता तर मी कदाचित तिथंच थांबलो असतो.

जुनी खदान आता पाण्यानं भरली आहे. तो काठावर बराच वेळ उभा राहिला. नंतर मी त्याला जेवायला घरी आणलं. पाहुणा आल्याचं ऐकून मागच्या गल्लीतली मावशी आली. नव्वदीला टेकलेली बाई. तिच्या मायनं त्या खदानीत डोक्यावर टोपल्या वाहिल्या होत्या. पाहुण्यानं पिशवीतून आज्याचा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"बाप्पा! डाव्या हाताची दोन बोटं नाईत. हाच तो इंजिनवाला साहेब. माय सांगे ना याची गोष्ट."

मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, सांग त्याले. माह्या मायच्या पायावर धोंडा पडला. मुकादम म्हणे, नाटक करून राहिली. काठीनं मारलन तिले. त हा साहेब खाली उतरला. स्वतः उचललन, बैलबंडीत टाकलन अन् तुमसरच्या दवाखान्यात नेलन. माह्या मायचा पाय याच्या आज्यानं वाचवला, सांग."

तो मुकादम म्हणजे माझा आजा. मावशीला ते माहीत होतं. माझ्या घरात बसून ती नुसतं मुकादम म्हणाली, नातं काढलं नाही, एवढी तिची रीत. आमच्या घरी मात्र आजोबा खदानीवर मुकादम होते, यापलीकडे कधी बोलणं गेलं नाही.

पाहुणा माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणतात त्या?"

मी इंग्रजीत म्हणालो, "तिच्या आईच्या पायावर धोंडा पडला, तरी खदानीवरच्या गोऱ्या माणसानं तिला काठीनं मारलं."

वाक्य इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं हळूच विचारलं, "माझ्या आजोबांनी?" मी होकारार्थी मान हलवली. तो कसाबसा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मावशीसमोर हात जोडले.

"हा काहून हात जोडून राहिला?" मावशीनं विचारलं.

"आभार मानतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जेवण वाढताना हे सगळं पाहणाऱ्या माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही, पण ती त्या रात्री एवढंच म्हणाली, "आभार मानणारा मानूस असा रडत नाई."

आठ महिने मी मावशीच्या गल्लीतून जाणं टाळलं. शेवटी एका दुपारी गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही.

"मंग मी बोलली ते कुठं गेलं?" तिनं विचारलं.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं, आणि मुकादम कोण होता तेही.

महिन्याभरानं त्याचं उत्तर आलं. खरं कळवल्याबद्दल त्यानं आभार मानले होते. त्या बाईंसमोर हात जोडले याचं आपल्याला काही वाटत नाही, असंही लिहिलं होतं. पुढे एक ओळ होती. आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली त्याची एक थोरली बहीण होती. परत गेल्यावर त्यानं तिला माझं वाक्य सांगितलं होतं, आणि माझं पत्र पोचण्याआधी पंधरा दिवस ती वारली.

ते पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. मग ती म्हणाली, "त्याले लिही, बहिनीचं ऐकून मले वाईट वाटलं."

मी तसंच लिहिलं.